भाकरी आणि भरवसा

दिवाळीच्या दिवसांत आपल्या दारी जितके हात येतात, तितके वर्षाच्या इतर कोणत्याही महिन्यात येत नाहीत. पोस्टमन येतो, झाडूवाला येतो, पेपर टाकणारा मुलगा येतो. त्यांची पोस्त ठरलेली असते आणि ती देताना मन कुरकुरत नाही, कारण ही माणसे आपल्या ओळखीची असतात. प्रश्न पडतो तो त्यांच्या मागून येणाऱ्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाचा. एखादी बाई कडेवर मूल घेऊन उभी राहते. बरे कपडे घातलेला एखादा गृहस्थ, एस.टी. स्टँडवर खिसा कापला गेला, गावी जायला भाडे नाही, असे सांगतो. आता तर दाराशी येण्याचेही कारण उरलेले नाही. कोणा अपरिचित बालकाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत, असा निरोप छायाचित्रासह मोबाइलवर येतो. फराळाचा डबा हातात तसाच धरून आपण क्षणभर थबकतो. खरे असेल का? द्यावे का? दिले तर किती? आणि न दिले तर आज लाडू गोड लागेल का?

हा थबकण्याचा क्षण मला फार मोलाचा वाटतो. बहुतेक वेळा आपण तो लवकर संपवून टाकतो. कुणी खिशातले नाणे काढून हातावर टेकवतो, म्हणजे समोरचा माणूस नजरेआड होतो. कुणी ‘हे सगळे लबाड असतात’ असे म्हणून दार लोटतो, म्हणजेही माणूस नजरेआडच होतो. एकाला आपण दयाळू म्हणतो आणि दुसऱ्याला व्यवहारी; परंतु दोघांनीही एक गोष्ट सारखीच केलेली असते. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे दोघांनीही नीट पाहिलेले नसते.

दान कोणाला करावे हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र या तिन्हींचा विचार केला आहे. ‘सत्पात्री दान’ हा शब्द तर आपल्या घराघरांत रुळलेला आहे. माझा जन्म मराठी ख्रिस्ती घरातला. त्यामुळे या शब्दाबरोबरच दुसरीही एक शिकवण माझ्या कानावर लहानपणापासून पडत आली. मागणाऱ्याला परत पाठवू नये, असे ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. तेथे पात्र-अपात्राची अट नाही. ऐकणाऱ्याला वाटते, की एकीकडे विवेक आहे आणि दुसरीकडे नुसती उधळण. पण त्याच ख्रिस्ताने शिष्यांना गावोगाव पाठवताना सापाचे चातुर्य आणि कबुतराचा निष्कपटपणा ही दोन्ही बरोबर न्यायला सांगितले. ही दोन जनावरे एका पिंजऱ्यात सुखाने कशी नांदायची, हाच आजच्या या लिखाणाचा विषय.

अनोळखी माणसाला मदत म्हटले की सर्वांना आठवते ती लूकच्या शुभवर्तमानातली दयाळू शोमरोन्याची गोष्ट. ती इतकी परिचित आहे की आपण ती आता वाचत नाही, नुसती आठवतो. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारा तो रस्ता साधारण सत्तावीस किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात तो हजार मीटरांहून अधिक खाली जातो. उघडे डोंगर, अरुंद वळणे, लपायला जागाच जागा. वाटमारीसाठी याहून सोयीचा मुलूख नाही. अशा रस्त्यावर अर्धमेला पडलेला माणूस पाहून याजक आणि लेवी पलीकडून निघून गेले. आपण त्यांना चटकन निर्दय ठरवतो. पण तो पडलेला माणूस म्हणजेच लुटारूंचे आमिष नसेल कशावरून, असा विचार त्यांच्या मनात आला असेल तर तो वेडगळ म्हणता येणार नाही. त्यांच्याजवळ विवेक नव्हता असे नाही. त्यांचा विवेक फक्त स्वतःच्या रक्षणापुरता जागा होता.

आता शोमरोनी काय करतो ते सावकाश पाहावे. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढीजात वैर होते. तरी हा त्या माणसाला त्याची जात विचारीत नाही. एवढ्या धोक्याच्या वाटेने एकटा का निघालास, असेही विचारीत नाही. तो जखमा पाहतो. जखमांना जे हवे ते, म्हणजे तेल आणि द्राक्षारस, ओततो, त्यांवर पट्ट्या बांधतो. चालता येत नाही म्हणून आपल्या जनावरावर बसवतो. रात्र उतारशाळेत काढतो आणि दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दीनार देतो. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दिले ते थोडे नव्हे, पण सगळी थैलीही रिकामी केली नाही. आपला प्रवास त्याने रद्द केला नाही. ज्याचे कामच वाटसरूंची व्यवस्था ठेवण्याचे, त्याच्या हाती रोग्याला सोपवले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून तो पुढे गेला.

या गोष्टीत विवेक नाही असे कोण म्हणेल? पावलोपावली तो आहे. परंतु तो विवेक ‘हा माणूस लायक आहे का?’ या प्रश्नावर खर्च झालेला नाही. ‘याला नेमके काय हवे आहे, त्यातले माझ्याजवळ काय आहे, आणि उद्या मी नसताना याचे कोण पाहील?’ या तीन प्रश्नांवर तो खर्च झाला आहे. माझ्या मते ख्रिस्ती विवेकाची सारी किल्ली येथे आहे. पहिला प्रश्न आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवतो; हे तीन प्रश्न आपल्याला वैद्याच्या जागी उभे करतात. वैद्यही चौकशी करतो, किंबहुना सर्वांत बारीक चौकशी तोच करतो. पण औषध द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे, कोणते द्यायचे हे ठरवण्यासाठी.

रस्त्यावर जखमी पडलेला माणूस खोटे बोलू शकत नाही. दारी उभा असलेला बोलू शकतो. म्हणून आरंभीच्या मंडळीला, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती समाजाला, लवकरच कठीण धडे गिरवावे लागले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती. आपल्या भाषेच्या, आपल्या ओळखीच्या विधवांना आधी मिळत होते. तेव्हा वाटपासाठी सात माणसे निवडण्यात आली. त्या सातांची नावे पुस्तकात दिली आहेत आणि ती सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती बहुधा कोठार सोपवले गेले. दान देणाऱ्याचा पहिला दोष लोभ नसतो, आपपरभाव असतो, हे ओळखण्याइतका विवेक त्या लोकांजवळ होता.

पुढे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात विधवांची यादी कशी करावी याचे नियम आले : वय साठच्या आत नसावे, मुले-नातवंडे असतील तर आधी त्यांनी सांभाळावे, म्हणजे जिला खरोखर कोणी नाही तिच्यासाठी मंडळीचा पैसा उरेल. काम करायला तयार नसलेल्यांना फुकट जेवू घालू नये, असेही थेस्सलनीकाकरांना बजावले गेले. आणि यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने आपल्याबरोबर इतर मंडळींनी निवडलेली माणसे घेतली, अशासाठी की एवढ्या पैशाच्या बाबतीत आपल्यावर कोणी बोट ठेवू नये. घेणाऱ्याची पारख करणारे पुष्कळ असतात. स्वतःची पारख इतरांना करू देणारे थोडे.

यापेक्षाही गमतीची साक्ष ‘डिडाखी’ या नावाच्या छोट्या ग्रीक पुस्तकात सापडते. हे पुस्तक अतिशय जुने. पण शतकानुशतके ते हरवलेले होते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथेओस ब्रायेनियोस या धर्माधिकाऱ्याला १०५६ साली नकललेल्या एका हस्तलिखितात ते मिळाले आणि १८८३ साली त्याने ते छापले. त्यात प्रवाशांचे नियम आहेत. वाटसरू आला तर त्याला घ्यावे आणि होईल तितकी मदत करावी. पण त्याने दोन, फार तर तीन दिवस राहावे. गावातच राहायचे असेल आणि हातात कसब असेल तर काम करून खावे. कसब नसेल तर गावकऱ्यांनी विचार करून त्याची काही सोय लावावी, म्हणजे कोणी नुसता बसून खाणार नाही. हे मान्य नसेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर दुकान मांडणारा समजावा. फिरत्या उपदेशकांना तर याहून कडक नियम आहेत : एक दिवस राहावे, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागितले तर खोटा. आणि अंगात आल्यावर ज्याने ताट मांडायला सांगितले, त्याने त्या ताटातले स्वतः खाल्ले, तरीही खोटा!

हे वाचताना हसू येते, आणि त्या साध्या माणसांविषयी जिव्हाळाही वाटतो. त्यांना किती वेळा फसवले गेले असेल, तेव्हा कुठे हे नियम सुचले असतील! दुसऱ्या शतकातला लुसियन हा उपहासकार लेखक या लोकांची टिंगल करताना पेरेग्रिनस नावाच्या एका भटक्याची हकीकत सांगतो. हा ख्रिस्ती लोकांत शिरला, तुरुंगात गेला. आणि भोळ्या ख्रिस्ती म्हाताऱ्या, विधवा आणि अनाथ पोरे पहाटेपासून तुरुंगाच्या दारापाशी त्याच्यासाठी ताटकळत. दूरदूरच्या गावांहून त्याच्यासाठी पैसे येत. कोणीही धूर्त माणूस यांच्यात येऊन हां हां म्हणता श्रीमंत होईल, असा लुसियनचा शेरा आहे. हा शेरा त्या लोकांच्या कानांवर गेला असेल की नाही कोण जाणे. पण त्यांनी दार लावून घेतले नाही, एवढे खरे. दोनशे वर्षांनी, ३६२ च्या सुमारास, जुन्या देवांना पुन्हा सिंहासनावर बसवू पाहणारा सम्राट जूलियन आपल्या एका पुजाऱ्याला पत्रातून तक्रार करतो, की हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही पोसतात. ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे. त्या दोनशे वर्षांत यांना आणखी किती पेरेग्रिनस भेटले असतील!

मग नियमांचा उपयोग काय? नियम आणि उदारता यांची सांगड मला चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात उपदेश करणाऱ्या योहान क्रिसोस्तोमाजवळ सापडली. गरिबांची उलटतपासणी घेणाऱ्यांवर तो फार चिडे. दाता हा बंदरासारखा असतो, असे तो म्हणे. तारू फुटलेला माणूस बंदरात आला तर बंदर त्याला तू भला की बुरा असे विचारीत नाही. पण हाच उपदेशक दुसऱ्या ठिकाणी एक भेद करतो. कोणी स्वतःला धर्मगुरू म्हणवून घेत आला, तर त्याची चौकशी अवश्य करावी, कारण तेथे आपण त्याला आपल्यातला अधिकार देत असतो. केवळ पोटाला मागत असेल, तर चौकशी करू नये.

हा भेद वाचला तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली. ती नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेली. क्रिसोस्तोमाचे नाव तिच्या कानावरून जाणे शक्यच नव्हते. दारी कोणी आले की ती आधी पाण्याचा तांब्या पुढे करी आणि मग भाकरीवर कालवण घालून आणी. आम्ही नातवंडे शाळेत शिकून शहाणी झालेली. “आजी, तो कोण, कुठला, विचारलंस तरी का?” असे आम्ही म्हणालो की ती म्हणे, “पोटाला काय इचारायचं? उसनं मागाया आला की इचारीन.” आणि खरोखरच कोणी उसने मागायला आला की ती वकिलासारखी प्रश्न विचारी : कोणाचा कोण, कशाला हवेत, परत कधी देणार, मागचे कोणाचे बुडवले आहेत का! भाकरी द्यायला तिला ओळख लागत नसे. भरवसा द्यायला लागे. क्रिसोस्तोमाने ग्रीकमध्ये सांगितले तेच हे. आपण बहुधा याच्या उलट वागतो. दारावरच्या भुकेल्याला आपण शंभर प्रश्न विचारतो, आणि गोड बोलणाऱ्या परक्या माणसाला, त्याचे कपडे चांगले आहेत एवढ्यावर, सारी पुंजी सोपवून मोकळे होतो.

भाकरीवर जेव्हा चौकशीचा पहारा बसतो तेव्हा काय होते, याची उदाहरणे इतिहासात हवी तितकी आहेत. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयी जो कायदा झाला, त्याचे तत्त्वच असे होते, की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे लबाड मदत मागायला येणार नाहीत. १८६९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या धर्मादाय संघटनेने घरोघरी चौकशी करून गरिबांची लायक आणि नालायक अशी वर्गवारी चालवली. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांतली पुष्कळ रविवारी नेमाने उपासनेला जाणारी होती. ‘फसवले जाऊ नये’ ही एकच चिंता त्यांच्या विवेकाला खाऊन बसली होती.

ही चिंता केवढी घातक ठरते, हे आपल्याच मुलखाने पाहिले आहे. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने मदत केली आणि फार थोडी माणसे दगावली. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही. उधळपट्टी केली म्हणून टीका मात्र झाली. पुढे १८७७ साली दख्खन आणि मद्रासच्या भीषण दुष्काळाची पाहणी करायला तोच टेंपल आला. या वेळी त्याने निश्चय केला होता, की कोणी आपल्याला भोळा म्हणता कामा नये. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी त्याने रोज एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर थोडे सुटे पैसे इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही असे बजावले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. त्या सर्वांचे माप एका माणसाच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही. पण एकदा उदार झालेला माणूस, लोक हसले म्हणून पुन्हा उदार व्हायला भ्याला, ही गोष्ट मला विसरता येत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आत असा एक टेंपल असतो. एकदा कोणी फसवले की पुढच्या दहा जणांची भाकर आपण त्या एकाच्या खात्यावर वळती करतो.

आपल्या स्वतंत्र देशातही ही खोड गेली नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडून एक ते तीन वर्षे आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद केली. हा कायदा दिल्लीलाही लावण्यात आला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ‘डिडाखी’ लिहिणाऱ्या अडाणी काळातही आळशी पाहुण्याला सर्वांत मोठी शिक्षा कोणती होती? तर तिसऱ्या दिवसानंतर भाकर बंद!

येथवर घेणाऱ्याच्या लबाडीचा विचार झाला. पण देणाऱ्याच्या लबाडीचे काय? मी ख्रिस्ती आहे, म्हणून हा प्रश्न टाळून पुढे जाण्याचा मला अधिकार नाही. भुकेल्याच्या हातात भाकर ठेवताना तिच्यासोबत आपला धर्म ठेवला, तर ती भाकर राहते की आमिष होते? मिशनच्या इतिहासाला हा प्रश्न सतत चिकटलेला आहे आणि तो नुसता विरोधकांनी चिकटवलेला नाही. तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लाउ नावाचा अमेरिकन मिशनरी होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैल खोदकामाचा मक्ता घेतला आणि उपाशी माणसांना कामावर लावले. फुकट धान्य वाटण्यापेक्षा हे बरे, कारण माणसाची मान ताठ राहते. आणि दुष्काळाची मदत चालू होती तोवर, लोक मागत असतानाही, त्याने बाप्तिस्मा देणे थांबवले. धान्यासाठी कोणी धर्म घेऊ नये हा हेतू. मदत थांबल्यावर १८७८ च्या जुलैमध्ये एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या हातातल्या धान्याचे वजन समोरच्याच्या मनावर पडते, हे त्या माणसाने ओळखले होते. तरीही मला विचाराल तर, ज्याने मरणातून वाचवले त्याच्याविषयीच्या कृतज्ञतेपासून श्रद्धा अगदी चाळून वेगळी काढता येते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. काही बाबतींत थांबणे एवढेच देणाऱ्याच्या हाती असते, आणि ते त्याने केले पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा पगडा बसतो की नाही यावरून १८९३ साली केवढे वादळ उठले, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून कसे बाहेर पडले, हे सर्वांना माहीत आहे. तो निवाडा मी येथे करायला बसलेलो नाही. मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट. १८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली नि तरुण विधवा घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तेथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवीत.

एवढ्या मोठ्या दुष्काळात रमाबाईंनी नेमके यांनाच का उचलले? कारण उपाशी माणसे हजारो होती, पण निराधार मुलींच्या मागावर भुकेखेरीज दुसरेही टपलेले असते, हे त्या जाणून होत्या. आणि आणखी एक कारण असावे असे मला वाटते. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून झिजून गेली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घराला मोलमजुरी करणे जमत नव्हते आणि हात पसरणेही जमत नव्हते, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. गरज अशीही असते, की जी कधी मागत नाही. रमाबाई दारी आलेल्यांची पारख करीत बसल्या नाहीत. जी दारी येऊ शकत नव्हती तिला शोधत त्या गेल्या.

विवेक या शब्दाचा हा अर्थ आपण अगदी विसरलो आहोत. विवेक म्हणजे खोटा हात ओळखणे, एवढेच आपण धरून चालतो. परंतु पुढे न आलेला खरा हात ओळखणे, हे त्याचे याहून मोठे काम आहे. दारावर ओरडून मागणारा तरी निदान दिसतो. चाळीत तीन महिन्यांचे भाडे थकलेला, मुलाच्या शाळेची फी भरता न आलेला, औषधाची अर्धीच गोळी घेणारा शेजारी आपल्याकडे दिवाळीचा फराळ घेऊन येतो आणि हसून जातो. तेथे आपली पारख का चालत नाही?

मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यातली एक गोष्ट मला नेहमी चकित करते. भुकेल्याला खाऊ घातले, परक्याला घरात घेतले, ते मलाच, असे राजा नीतिमानांना सांगतो. आणि ते गोंधळून विचारतात, की तुला आम्ही केव्हा पाहिले? म्हणजे त्यांनीही ओळखले नव्हते. त्यांची पारख चुकलेलीच होती; पण भाकर चुकली नव्हती. आणि त्या साऱ्या न्यायात, तुम्ही ज्याला दिले तो खरा होता की खोटा, हा प्रश्न कोणालाही विचारला जात नाही. खोट्याने घेतले असेल तर त्याचा हिशेब त्याच्याकडे. तो मागण्याचे काम आपल्याला नेमून दिलेले नाही.

मग व्यवहारात काय करावे? मला सुचते ते अगदी साधे आहे. अन्न, पाणी, सावली, जखमेवर पट्टी, यांना चौकशी नको. गावी जायला भाडे नाही म्हणणाऱ्याबरोबर शक्य असेल तर स्टँडपर्यंत चालत जावे आणि तिकीट काढून द्यावे. खरा असेल तर तो आशीर्वाद देईल, खोटा असेल तर वाटेतच त्याला दुसरे काम आठवेल, आणि दोन्ही प्रसंगी आपण त्याचा अपमान केलेला नसेल. मोबाइलवर आलेल्या निरोपात बालकाचे डोळे कितीही केविलवाणे असले, तरी रुग्णालयात फोन करून विचारावे. तेथे आपण भाकर नव्हे, भरवसा देत असतो. मोठी रक्कम एकट्याने देण्यापेक्षा चौघांनी मिळून, चौघांच्या देखत द्यावी. आपल्या हातून न होणारे काम ज्याला येते, त्या उतारशाळेच्या रखवालदाराकडे माणसाला पोहोचवावे आणि परत फिरताना विचारपूस करावी. दिल्यानंतर आभाराची, मताची, धर्माची, कसलीही वसुली करू नये. आणि वर्षातून दोन-चार वेळा फसवले जाण्याची तरतूद घरखर्चातच करून ठेवावी, जशी आपण दूध उतू जाण्याची करतो. दूध उतू जाते म्हणून कोणी चूल बंद ठेवीत नाही.

पेत्र आणि योहान मंदिरात जात असताना ‘सुंदर’ नावाच्या दरवाजापाशी बसलेल्या एका जन्माच्या पांगळ्याने त्यांच्याकडे भीक मागितली, तेव्हा त्यांच्याजवळ सोने-रुपे काही नव्हते. पण त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि त्यालाही आपल्याकडे पाहायला सांगितले. रोज शेकडो माणसे त्या दारातून आत जात होती आणि त्यांतली पुष्कळशी त्याच्या पुढ्यात काही टाकीतही असतील. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून किती जणांनी पाहिले असेल?

तेव्हा या दिवाळीत कोणी अनोळखी दाराशी आला आणि मन पुन्हा थबकले, तर त्या थबकण्याला भिऊ नये. ‘कोण तुम्ही?’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर विचारावा, पण तो दुसरा. पहिला, आपल्या आयाआज्या विचारीत आल्या तोच : ‘जेवलात का?’ त्याचे उत्तर मिळाले, की पुढच्या चौकशीला हवा तितका वेळ आहे.